पऱ्हाटीवरचा अनान्सी

मुकुटबनच्या पोरांना आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा इतिहास कशाला सांगायचा, असं गावातल्या आयाबाया मला विचारतात. मी त्यांना आधी आपलं शेतच दाखवते. झरी-जामणी तालुक्यातल्या या काळ्या जमिनीत दसऱ्याच्या सुमाराला कापूस फुटू लागतो. वेचणाऱ्या बायांची बोटं बोंडांच्या टोकांनी खरचटतात, कमरेला बांधलेली ओटी भरते, दिवस कलला की काट्यावर वजन होतं. हेच काम अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकेतून पकडून नेलेली माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं पिढ्यान्‌पिढ्या करत होती. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की त्यांना मजुरी नव्हती. ती स्वतःच विकत घेतलेली माणसं होती. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत असे सुमारे चाळीस लाख गुलाम होते.

त्यांनी वेचलेल्या कापसावर इंग्लंडच्या गिरण्या चालत. ब्रिटनला लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस अमेरिकेतून येई. १८६१ मध्ये गुलामीच्या प्रश्नावरून तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि गिरण्या उपाशी पडल्या. मग गिरणीमालकांची नजर वळली वऱ्हाडाकडे. हैदराबादच्या निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांनी घेतलाच होता. कापसाचे भाव आभाळाला टेकले, व्यापारी गावोगाव फिरू लागले, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली. पण त्याआधीच, १८६५ मध्ये, युद्ध संपलं, तिकडचा कापूस पुन्हा येऊ लागला आणि इकडचे भाव कोसळले. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावानं ओळखला जाई. १९०५ पर्यंत तेच नाव होतं. म्हणजे दक्षिण अमेरिकी राज्यांपैकी अलाबामातल्या गुलामाच्या सुटकेची लढाई आणि वणीकडच्या शेतकऱ्याच्या गाठीचा पैसा एकाच कापसात गुंतलेले होते. हे सांगितलं की आया गप्प ऐकतात. त्यांना कापसाचा भाव चांगला कळतो.

ओसरीतला फेब्रुवारी

मी शिलाईचं काम करते. रविवारी सकाळी मशीन भिंतीला सारते आणि ओसरीत मुलं जमतात. शेतकऱ्यांची, सिमेंटच्या कारखान्यात आणि कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांची, कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. कुणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कोलामी, गोंडी, कुणाच्या हिंदी. वर्षभर आम्ही गोष्टी वाचतो, चिंध्यांच्या वस्तू करतो. फेब्रुवारी मात्र काळ्या माणसांच्या इतिहासाचा.

हा महिना मी ठरवलेला नाही. कार्टर वुडसन नावाचे काळे इतिहासकार होते. गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेले, कोळशाच्या खाणीत राबलेले, वयाच्या विशीत हायस्कूल पूर्ण केलेले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले. शाळेच्या पुस्तकांत आपली माणसं कुठेच नाहीत, हे त्यांना सलत होतं. त्यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत काळ्या लोकांच्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला. अब्राहम लिंकन आणि गुलामीतून निसटून मोठे वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस या दोघांचे जन्मदिवस त्या आठवड्यात पाळले जात. १९७६ मध्ये आठवड्याचा महिना झाला. वुडसन खाणीत काम करत होते हे ऐकलं की खाणकामगारांची मुलं सरसावून बसतात. इतिहास मुलांच्या घरात असा कुठल्या तरी ओळखीच्या दारानं शिरावा लागतो.

माझं एक ठाम मत आहे. दुसऱ्या माणसाची ओळख मुलांना त्याच्या दुःखापासून करून देऊ नये. आधी साखळदंड दाखवले की मुलांच्या मनात दया येते, आणि दया दाखवणारा स्वतःला वरच्या पायरीवर समजतो. म्हणून आमच्याकडे आधी गोष्ट, मग हातानं काही घडवणं, आणि त्यानंतर गुलामी. ज्या माणसाच्या हुशारीवर आपण हसलो, ज्याच्यासारखा टाका घालून पाहिला, त्याला कुणी बाजारात उभं केलं हे कळलं की मुलांना राग येतो. मला तो राग हवा असतो.

सगळ्या गोष्टींचा मालक

पहिली गोष्ट अनान्सीची. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातल्या अकान लोकांचा हा कोळी. कधी तो आठ पायांचा किडा, कधी माणूस.

जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे होत्या. अनान्सी म्हणाला, मला विकत द्या. देव म्हणाला, किंमत मोठी आहे. अजगर, गांधीलमाशांचं मोहोळ, बिबट्या आणि कुणालाच न दिसणारी वनपरी, एवढं आणून दे. अनान्सीनं बायकोचा, आसोचा, सल्ला घेतला. अजगराजवळ जाऊन तो मोठमोठ्यानं बोलू लागला, ‘माझी बायको म्हणते हा अजगर या काठीपेक्षा आखूड आहे.’ अजगराला राग आला, तो काठीशेजारी लांबसडक पसरला, आणि अनान्सीनं त्याला काठीलाच बांधून टाकलं. मोहोळावर त्यानं पाणी ओतलं, थोडं स्वतःच्या अंगावर ओतलं, डोक्यावर पान धरलं आणि हाक दिली, ‘पाऊस आला, पाऊस आला, माझ्या तुंब्यात लपा!’ माशा आत शिरल्या, त्यानं तोंड बंद केलं. बिबट्या खड्ड्यात सापडला. वनपरीसाठी त्यानं लाकडाची बाहुली करून तिला चीक फासला. परीनं बाहुलीशी बोलून पाहिलं, उत्तर आलं नाही, तिनं चापट मारली आणि हात चिकटला. दुसरा हातही चिकटला. देवाला किंमत मिळाली. तेव्हापासून सगळ्या गोष्टी अनान्सीच्या झाल्या.

ही गोष्ट आम्ही करून पाहतो. वेचणी संपल्यावर शेतात पऱ्हाट्यांचे ढीग असतात. अजगराची काठी म्हणजे पऱ्हाटीचा सोट. अजगर म्हणजे जुन्या साडीच्या पट्ट्यांची वेणी. तुंबा पोडावरची मुलं घरून आणतात. वाळवलेल्या भोपळ्यात पाणी ठेवायची रीत त्यांच्या आज्यांना ठाऊक आहे. बाहुलीला लावायला धावड्याचा डिंक. अनान्सीचं अंग कापसाच्या बोळ्याचं, वर काळं कापड, आणि पाय म्हणून पीळ दिलेल्या सुताचे आठ दोरे, खळीत बुडवून वाळवलेले, म्हणजे ते ताठ राहतात. बिबट्याच्या जागी मुलं वाघ घालतात. टिपेश्वरचं अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात आहे आणि वाघाच्या बातम्या घराघरांत असतात. मी अडवत नाही. अनान्सी जिथे गेला तिथे त्यानं तिथलीच जनावरं घेतली.

तो गेला तरी कुठेकुठे! गुलामांच्या जहाजांतून जमैकाला, सुरिनामला, कॅरिबियन बेटांवर. माणसाजवळचं सगळं काढून घेतलं होतं, कपडे, नाव, नातं. डोक्यातल्या गोष्टी काढून घेता आल्या नाहीत. अमेरिकेतल्या कित्येक दक्षिणी राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता. तिथे रात्रीच्या अंधारात गोष्ट हीच शाळा. लहानसा कोळी मोठ्या बिबट्याला हरवतो, इवलासा ससा कोल्ह्याला चकवतो, यातून पोरांना काय शिकायचं ते बरोबर कळे, आणि मालकाला ती नुसती जनावरांची गोष्ट वाटे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गोष्टींत ससा डांबराच्या बाहुलीला चिकटतो. हा चिकटण्याचा धागा आपल्याकडे जातककथांतही आहे. पाच शस्त्रांचा राजकुमार चिकट केसांच्या यक्षाशी लढताना एकेक करून हातापायांनी चिकटतो, आणि तरी डगमगत नाही. ही गोष्ट कुणी कुणाकडून घेतली, यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले आहेत. माझ्या ओसरीत एका मुलीनं विषय वेगळाच काढला. ‘काकू, आमच्या आजीजवळ बी अशी सशाची गोष्ट हाय. पण ते कोलामीत हाय. तुमाले चालते का?’ पुढच्या रविवारी आजी आल्या. त्या कोलामीत सांगत होत्या, नात वऱ्हाडीत करत होती, आणि कारखान्यातल्या बाबूंची मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. कोलाम ही महाराष्ट्रातल्या अतिमागास म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. त्या मुलीला गावात कुणी ज्ञानी समजेल अशी वेळ फार क्वचित येते. त्या दिवशी आली.

मातीतून काढलेला रंग

मराठी घरांत सर्वांत जास्त ओळखीचा काळा माणूस कोण, असं विचारलं तर मी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव घेईन. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आलं आणि तेव्हापासून शाळेच्या बक्षिसांत, वाचनालयांत, भेटीदाखल ते घरोघर पोचलं. गुलामीत जन्मलेलं पोरकं मूल, शिकण्यासाठी गावोगाव भटकलेलं, पुढे १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शेतीशास्त्रज्ञ म्हणून आलेलं. कापूस घेऊन घेऊन तिथली जमीन थकली होती. कार्व्हरनी शेतकऱ्यांना सांगितलं, भुईमूग लावा, चवळीवर्गातली पिकं लावा. त्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. भुईमुगाचं करायचं काय, हा प्रश्न आला तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी खाण्याच्या १०५ प्रकारांची पुस्तिका काढली. आमची मुलं हे ऐकून लगेच बोलतात, ‘म्हणून बाबा कापसात तुरीचं तास टाकते!’ बरोबर. तूरही त्याच कुळातली.

कार्व्हर आधी चित्रकार होते, आणि अलाबामाच्या रंगीत मातीपासून ते रंग करत. पैसा नसलेल्या शेतकऱ्यालाही घर रंगवता यावं, ही त्यामागची कळकळ. आमच्या भागात मातीची काही कमी नाही. काळी रेगूर, तांबडा मुरूम, गेरू, चुनखडी. मुलं माती वाळवून कुटतात, साडीच्या कापडातून गाळतात, पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवतात. खडा-कचरा तळाला बसतो. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर निवळू दिलं की खाली मऊ गाळ उरतो. त्यात डिंकाचं पाणी घातलं की झाला रंग.

मग मी सांगते, आपापल्या हाताचा रंग जमवा.

या कामाला पूर्ण सकाळ लागते. मूल गेरूत काळी माती घालतं, मनगटाला लावून बघतं, थोडी चुनखडी टाकतं, पुन्हा बघतं. कुणाचाच रंग नुसता काळा नसतो आणि नुसता पांढराही नसतो. प्रत्येकाच्या हातात तीनचार रंगांची माती असते. आपल्याकडे मुलीला जन्मल्या दिवसापासून रंगावरून बोलतात, लग्नाच्या वेळी बोलतात, वर्गात चिडवतात. गोरं करणारी मलमं गावच्या दुकानात टांगलेली असतात. त्यावर मी भाषण देत नाही. जिनं आपल्या कातडीचा रंग स्वतःच्या शेताच्या मातीतून जमवला, तिला तो रंग लपवावा असं वाटणं थोडं तरी कमी होतं. सगळे हात एका कागदावर उमटवतो, आणि त्याच रंगांनी मुलं कार्व्हर काढतात, वुडसन काढतात, मलिक अंबर काढतात.

महाराष्ट्राचा हबशी वझीर

हा इतिहास परका नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा मलिक अंबर. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेलं मूल. लहानपणीच विकलं गेलं, अरबस्तान-बगदादमधून हातोहात फिरत दख्खनेत पोचलं. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतःही एके काळी गुलाम होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, त्यानं स्वतःची फौज उभारली. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं तरी त्यानं निजामशाही बुडू दिली नाही; परांड्याला वारस गादीवर बसवला आणि पुढची पंचवीसेक वर्षं अकबर-जहांगिराच्या फौजांना गनिमी काव्यानं जेरीस आणलं. जहांगिराचा एवढा जळफळाट झाला की त्यानं अंबरच्या तोडलेल्या शिरावर आपण बाण मारतोय असं चित्र काढवून घेतलं. ते शिर त्याला चित्रातच मिळालं. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले.

मुलांना सर्वांत आवडते त्याची नहर. १६१० मध्ये अंबरनं खडकी शहर वसवलं, ते आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या कालव्यांतून केवळ उताराच्या जोरावर त्यानं शहरात आणलं. आम्ही अंगणात मातीचा डोंगर करतो, पपईच्या पानांचे पोकळ देठ एकात एक बसवून नळ करतो, ते मातीखाली पुरतो आणि वरून तांब्यानं पाणी सोडतो. उतार चुकला की पाणी मध्येच तुंबतं. खणून पुन्हा बसवावं लागतं. पाणी खालच्या वाटीत पडलं की जो गलका होतो, त्यात अंबरच्या बुद्धीला खरी दाद असते. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. वुडसन यांच्या आठवड्याला शंभर आणि अंबरच्या मृत्यूला चारशे वर्षं २०२६ मध्ये एकदमच होतात.

हबशांनाच सिद्दीही म्हणतात, आणि सिद्दी म्हटलं की मुलांना जंजिरा आणि पन्हाळ्याचा वेढा आठवतो. ते खरंच आहे. पण १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळा वेढला तेव्हा वेढा फोडायला नेतोजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा शिवरायांच्या बाजूनं लढत होते. माणसं बाजू निवडतात, कातडी निवडत नाही. आणखी एक गोष्ट मोठ्या मुलांना सांगावी लागते. हबशी मुलांना विकत घेणारे आपल्या दख्खनेतले सरदार-सुलतान होते, समुद्रावर अरब आणि पोर्तुगीज व्यापारी होते. गुलामी फक्त अमेरिकेत होती, असं सांगणं सोयीचं, पण खोटं.

चिंध्यांची कवंदी

शेवटचं काम माझ्या हातचं. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात सिद्दी लोक राहतात. गोव्याच्या पोर्तुगीज मुलुखातून निसटून आलेल्या आफ्रिकी गुलामांचे ते वंशज. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत; बोली कोकणीच्या जवळची. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांपासून कवंदी शिवतात. आमच्या वाकळीसारखीच उबदार, पण रीत वेगळी. त्या काठापासून सुरू करतात. तुकड्याची कड आत दुमडायची, धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा त्यावर चढवायचा, आणि असं गोल गोल फिरत मध्यापर्यंत यायचं. चार कोपऱ्यांवर घड्या घालून केलेली कापडी फुलं. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. पूर्वी तो कापसाचा मळा होता, आणि आज तिथे त्या मळ्यातल्या गुलामांचे वंशज राहतात. तिथल्या बायकांनी थंडीसाठी कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये त्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. गोधडीतल्या नक्षीतून पळणाऱ्या गुलामांना गुप्त खुणा दिल्या जात, अशी एक लाडकी कथा पसरली आहे. इतिहासकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही, म्हणून मी ती सांगत नाही. खरी गोष्टच एवढी मोठी आहे.

आमची कवंदी जमिनीवर पसरते आणि मुलं चारी बाजूंनी बसतात. सुईत दोरा ओवता येणं हा आठ वर्षांच्या पोरासाठी पराक्रम असतो. मुलगेही शिवतात, मी सूट देत नाही. प्रत्येकानं घरून एक चिंधी आणायची आणि ती कुणाची, ते सांगायचं. आईच्या लुगड्याची, बापाच्या कारखान्याच्या निळ्या सदऱ्याची, गेलेल्या आजोबांच्या धोतराची. टाके घालता घालता मी गुलामीबद्दल बोलते. हात गुंतलेले असले की कठीण गोष्ट ऐकता येते. आईपासून मूल तोडून विकत, हे मी सांगते. त्यापलीकडचे छळ दहा वर्षांच्या आतल्यांना सांगत नाही. आणि हॅरिएट टबमनबद्दल नक्की सांगते. ती स्वतः गुलामीतून निसटली आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणत राहिली.

मोठी मुलं मग विचारतात, आपल्याकडे असं होतं का? तेव्हा जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ पुढे येतं. १८७३ मध्ये त्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी काळ्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेकडे पाहून दलित पँथर उभी केली. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा केरळात दलित मुलांच्या एका शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. किंगना आधी धक्का बसला, मग पटलं, आणि पुढे ते स्वतः हा प्रसंग सांगत. विहिरीवर कुणी कुठे उभं राहायचं, हे ज्यांच्या आज्यांनी भोगलंय, त्या मुलांना हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही.

हे सगळं कुठल्याही घरात होऊ शकतं. लागतं काय? जुनं कापड, सुई, दोन रंगांची माती, पपईची पानं आणि गोष्ट सांगायला कुणीतरी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अनान्सी पुरे. आठनंतर कार्व्हर आणि मलिक अंबर द्या. दहानंतर गुलामीतला छळही सांगा, कापसाचा भाव सांगा, आणि त्याच बैठकीत आपल्या गावातल्या जातीचंही बोला. प्रत्येक परक्या गोष्टीमागे घरातली एक गोष्ट मागा. आजीची, आजोबांची, मग ती कुठल्याही बोलीत असो. आमच्या ओसरीत आता अशा गोष्टींची वही झाली आहे. कोलामी, गोंडी, तेलुगू, वऱ्हाडी, भोजपुरी, सगळ्या देवनागरीत, सांगणाऱ्याच्या नावानिशी. वुडसन यांनी काळ्या मुलांसाठी जे मागितलं होतं ते हेच होतं, आपल्या माणसांची नोंद. ते आपल्या प्रत्येक मुलाला मिळायला हवं, आणि ते देण्यासाठी शाळेच्या पुस्तकाची वाट बघत बसायचं कारण नाही.